सोलरची गरम लाइन: अर्धा इंच की पाऊण?

घराचं काम फरशीच्या टप्प्यावर आलं की प्लंबर हमखास विचारतो, "गरम लाइन कितीची टाकू?" त्याला उत्तर द्यायचं बाकी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. गच्चीवर टाकी, तिच्याखाली काचेच्या ट्यूबचा सोलर वॉटर हीटर, खाली दोन मजले आणि पाइप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप), अशी मांडणी मी धरली आहे. पंप नाही, दाब फक्त उंचीचा. भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर मी बरीच वर्षं अर्धा इंची लाइनवर काढली, आणि स्वतःच्या घरात पाऊण इंची टाकली.

आधी जुन्या घरांचा दाखला बाजूला ठेवूया. "आमच्याकडे सगळी अर्धा इंची लाइन होती, पाणी धो धो यायचं," असं वडीलधारी माणसं सांगतात आणि ते खरंच आहे. पण तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप होता. जीआयचा अर्धा इंच आतून जवळपास १६ मिमी असतो. सीपीव्हीसीचा अर्धा इंच बाहेरून १५.९ मिमी आणि आतून जेमतेम साडेबारा. म्हणजे आजचा अख्खा पाइप जुन्याच्या पोटात शिरेल, आणि पाण्याला वाट उरते जुन्याच्या साधारण साठ टक्के. पाऊण इंची सीपीव्हीसी आतून १८ मिमीच्या आसपास भरतो. जुन्या अर्ध्या इंचाइतकं पाणी हवं असेल तर जवळचं माप हेच. पीपीआर (जाड भिंतीचा दुसरा एक प्लास्टिक पाइप) टाकणार असाल तर त्याचं २५ मिमी हे बाहेरचं माप असतं. त्यातलाही जास्त जाडीचा घेतला तर आतून साडेसोळाच मिळतात. दुकानात आतलं माप विचारून घ्या.

अर्ध्या इंचाची बाजूही लंगडी नाही. सोलरपासून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर लाइन असेल, तर अर्धा इंची पाइपात पावणेदोन-दोन लिटर पाणी उभं राहतं, पाऊण इंचीत चार लिटरच्या आसपास. रात्रभर गार झालेलं हे पाणी सकाळी आधी काढावं लागतं. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो अशा गावात ही बाब मी हलकी धरणार नाही. आमच्याकडे ते पाणी बादलीत धरून झाडांना जातं, पण ते प्रत्येक घरात जमेलच असं नाही. थांबायचा वेळ मात्र पाण्याच्या हिशोबाने दुप्पट होत नाही, कारण नळ पुरता सोडला तर जाड पाइपातून पाणीही जोरात येतं. शिवाय चार इंची भिंतीत पाऊण इंची पाइप आणि त्यावर फोमचं आवरण बसवायचं तर झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत पाडायची खाच, खोल मारावी लागते, आणि गवंडी कुरकुरतो. पाइपाच्या किमतीतला फरक माझ्या मते एकूण खर्चात फारसा जाणवत नाही.

माझा निर्णय झाला तो एकाच त्रासामुळे. भाड्याच्या घरात एकच अर्धा इंची गरम लाइन वरून खाली गेली होती. मी शॉवरखाली, डोक्याला साबण, आणि खाली कोणीतरी तेलकट भांड्यांसाठी गरम नळ सोडायचं. त्याच क्षणी माझा शॉवर गार. पाणी बंद व्हायचं नाही, कारण गार लाइन वेगळी आणि तिचा जोर कायम. फक्त त्यातलं गरम नाहीसं व्हायचं. अंग चोरून भिंतीला टेकायचं आणि खालचा नळ बंद होईपर्यंत थांबायचं. बरं, गरम वाढवावं म्हणून मिक्सर फिरवला आणि तेवढ्यात खालचा नळ बंद झाला, तर अंगावर चटका. हिवाळ्यात तर घरात आंघोळीच्या वेळा ठरवून घ्याव्या लागल्या होत्या.

यात खालच्या माणसाची काही चूक नव्हती. टाकीपासून वरच्या शॉवरला उंची मिळते दोन-तीन मीटर, खालच्या नळाला पाच-सहा. त्यात बारीक पाइप ही तुटपुंजी उंची घर्षणातच खाऊन टाकतो. पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवला तर अर्धा इंची पाइपात घर्षणाने जाणारा दाब पाऊण इंचीच्या सहा पटींच्या आसपास असतो. वरच्याला उरतं काय? स्वतःच्या घरात आता खाली नळ सोडला तर शॉवर किंचित मऊ पडतो, पण गार होत नाही. मोजमाप केलेलं नाही, अंगाला जे कळतं ते सांगतोय.

प्लंबरचा ठरलेला मुद्दा असतो, "साहेब, शेवटी मिक्सरला अर्धाच इंच आहे, मग वर पाऊण टाकून काय उपयोग?" उपयोग आहे. घर्षण लांबीवर जातं. शेवटचा हातभर तुकडा अर्धा इंची असला तर फारसं बिघडत नाही. वरून येणारे पंधरा मीटर बारीक असले तर सगळंच बिघडतं. इंग्लंडमधल्या नात्यातल्यांच्या घरी रेडिएटरची लाइन पाहिली, तिथेही मुख्य पाइप २२ मिमी आणि प्रत्येक रेडिएटरला जाणारी फांदी १५ मिमी. तिथे पंप पाणी ढकलतो तरी खोड जाडच ठेवतात. आपल्याकडे पंपही नाही, आणि ट्यूबच्या साध्या सोलरमध्ये पंपाने दाबून पाणी भरता येत नाही, कारण त्याची टाकी हवेला उघडी असते.

एकच न्हाणीघर, तेही तळमजल्यावर, आणि गरम पाणी एका वेळी एकच जण वापरणार, असं असेल तर अर्धा इंच खुशाल टाका, पाणी वाचेल. वर न्हाणीघर असेल आणि खाली स्वयंपाकघरातही गरम नळ हवा असेल, तर माझा कल पाऊण इंचाकडे. सोलरपासून वरच्या न्हाणीघराच्या टीपर्यंत, म्हणजे फांदी फुटते त्या जोडापर्यंत तरी पाऊण इंच सोडू नका. तिथून खाली स्वयंपाकघराला अर्धा इंच पुरतो, कारण त्याला उंचीचा आधार आहे. लाइन मध्येच वर चढवून परत खाली आणू देऊ नका, तिथे हवा अडकते.

टाइल बसण्याआधी दोन्ही लाइनी भरून घ्या, वरच्या मिक्सरच्या गरम तोंडाला तात्पुरता नळ लावा, तो चालू ठेवून खालचा गरम नळ पूर्ण सोडायला सांगा आणि वरची धार किती पडते ते बघा. त्या वेळी पाइप बदलायचा म्हटलं तर फक्त झिरी उकरावी लागते.