नऊ महिने, 41 चित्रपट आणि साडेसहा सेकंद

इंटरनेटवरून घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या एका सेवेचा हा अनुभव मी याआधी एकदा लिहिला होता, दोन महिने वापरून झाल्यावर. त्याचा शेवट "पैसे वाचवा, घेऊ नका" असा होता. कुठे टाकला नाही ते बरं झालं, कारण त्यातलं निम्मं आता मला मान्य नाही. उरलेलं निम्मं मात्र अजून तसंच्या तसं खरं आहे.

सेवेचं नाव घेत नाही. देशोदेशीचे पुरस्कार मिळवलेले स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट दाखवणाऱ्या ज्या काही सेवा आहेत त्यांतली एक. चित्र किती स्पष्ट दिसतं, एका खात्यावर किती जण पाहू शकतात, हे सगळं जाहिरातीत असतंच. मला बोलायचंय ते सबटायटल्सबद्दल. तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्यावरून कशाला? थांबा जरा.

वर्षाचे पैसे मी एकदम भरले होते, कारण दर महिन्याला भरलं तर वर्षाकाठी तीन महिन्यांचे जास्त जातात. चिकटपणा म्हणा हवं तर. पण त्यामुळे भांडण झालं तेव्हा "मसणात जा" म्हणून सोडून द्यायची सोय राहिली नाही.

आमच्या घरी परदेशी चित्रपट पाहायची एक रीत आहे. आईला इंग्रजी सबटायटल्स तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. म्हणून मी वाचते आणि मराठीत सांगत जाते. थिएटरात लोकांनी हाकलून दिलं असतं, घरात चालतं. त्या रात्री 'कलेक्टिव' लावला होता. रोमानियाचा माहितीपट, दिग्दर्शक अलेक्झांडर नानाउ. 2015 च्या ऑक्टोबरात बुखारेस्टमधल्या एका नाइटक्लबला आग लागली आणि एकूण 64 माणसं गेली. त्यातली कितीतरी आगीत नाही, नंतर इस्पितळात गेली. का, याचा माग एका क्रीडा दैनिकाचे पत्रकार काढतात, आणि निघतं असं की इस्पितळांना पुरवलेलं जंतुनाशकच पाणी घालून पातळ केलेलं होतं. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. नुसती बोलणारी माणसं: पत्रकार परिषद, फोन, बैठका. म्हणजे सगळी भिस्त सबटायटल्सवर.

तासाभराने आई म्हणाली, "तुला आधीच कसं कळतं गं तो काय बोलणार ते?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. मग नीट पाहिलं. पत्रकाराचा प्रश्न अजून अर्धवट होता आणि खाली अधिकाऱ्याचं उत्तर येऊन बसलेलं. उत्तर आधी, प्रश्न मागून. शेवटाकडे तरुण आरोग्यमंत्री फोनवर वडिलांशी बोलतो. तिथे वडिलांचं वाक्य मुलाच्या तोंडी आणि मुलाची शांतता वडिलांच्या वाट्याला. तो क्षण काय आहे हे मला दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा कळलं. पहिल्यांदा मी रिमोटशी झटापट करत होते.

तक्रार केली. उत्तर आलं: अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. टीव्ही बंद करून सुरू करा. केला. इंटरनेटचा वेग तपासा. तपासला. चौथं उत्तर "आम्ही तपासून पाहिलं, आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय" असं होतं, त्याखाली तक्रार बंद, आणि त्याखाली पाच चांदण्या: आमची मदत कशी वाटली?

इथे माझं डोकं फिरलं. मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसले. ओळ पडद्यावर आली की सुरू, माणूस बोलला की बंद. दहाव्या मिनिटाला अर्ध्या सेकंदाच्या जरासं वर. तासाला साडेतीनच्या पुढे. 109 मिनिटांच्या त्या माहितीपटाच्या शेवटाला साडेसहा सेकंद. इंटरनेट गचके खातं तेव्हा फरक कधी वाढतो, कधी कमी होतो. हा सावकारी व्याजासारखा नेमाने वाढत होता. आणि यांच्याकडे "व्यवस्थित" का दिसत होतं तेही उमगलं. पहिली पाच मिनिटं पाहून बंद केलं असणार. पाच मिनिटांत फरक पडतो 0.3 सेकंद, तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

चुलतभाऊ ध्वनिसंकलनात आहे. त्याला आकडे पाठवले. त्याने एका ओळीत उत्तर दिलं: "ताई, 24 आणि 23.976." चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे स्थिर चित्रांनी, चालतो हे मला माहीत होतं. अमेरिकेत 1953 मध्ये रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाच्या लहरी आवाजाच्या लहरींत मिसळू नयेत म्हणून टीव्हीच्या चौकटींचा वेग हजारात एका भागाने कमी केला गेला, आणि टीव्हीवर दाखवायच्या चित्रपटालाही तोच हिशेब लागू झाला. त्यातून आला 23.976. आता ओळींच्या वेळा 24 च्या हिशेबाने लावल्या आणि चित्र 23.976 ने चालवलं की तासाला 3.6 सेकंदांनी ओळी पुढे पळणार. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका तडजोडीने माझी शनिवारची रात्र घालवली होती.

हे सगळं, तक्त्यासकट, पाचव्या पत्रात लिहिलं. अकरा दिवसांनी एका भल्या माणसाने (की बाईने, खाली नाव नव्हतं) कळवलं की फाइल बदलली आहे. खरंच बदलली होती. आईसोबत पुन्हा पाहिला, या वेळी सगळे आपापल्या तोंडाने बोलले. आणि त्यानंतर तीन दिवसांनी तो यादीतून गायब. हक्कांची मुदत संपली.

पहिला लेख इथे, या संतापावर, संपला होता.

हक्कांबद्दल आता थोडी मवाळ झालेय. असे चित्रपट सेवेच्या मालकीचे नसतात. वितरकाकडून ठरावीक देशांसाठी, ठरावीक महिन्यांसाठी घेतलेले असतात, मुदत संपली की उतरतात. माझी तक्रार एवढीच की "हा चित्रपट लवकरच जाणार" ही सूचना मुखपृष्ठावर न देता चित्रपटाच्या पानावर पार तळाशी, करड्या अक्षरांत देतात. मी आता महिन्याच्या पंचवीस तारखेला सगळी पानं तळापर्यंत सरकवत बसते. हा उद्योग फुकट करून घेतात माझ्याकडून.

मत बदललं ते 'हनीलँड'मुळे. उत्तर मॅसेडोनियातली हातिजे मुरातोव्हा, उजाड गावात आजारी म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी, रानमधमाश्यांवर जगणारी. निम्मं तुम्हाला, निम्मं मला, असं म्हणून पोळ्यातला अर्धाच मध काढणारी. 2020 च्या ऑस्करमध्ये या एकाच चित्रपटाला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशी दोन्ही नामांकनं होती. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. (पुढच्याच वर्षी 'कलेक्टिव'ला तशीच मिळाली.) मी तो पहिल्यांदा नेहमीसारखा पाहिला, वाचून दाखवत. छान वाटला, विसरले.

मग कुठेतरी वाचलं की ती बोलते ती तुर्की बोली दोन्ही दिग्दर्शकांना, तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह यांना, कळतच नव्हती. तीन वर्षं चित्रण, 400 तासांहून जास्त फुटेज, आणि संकलनाची पहिली जुळणी शब्दांशिवाय, नुसत्या चित्रावर केलेली. म्हटलं, मग आपणही तसंच पाहून बघू. सबटायटल्स बंद. आई म्हणाली, "आज सुट्टी का तुला?"

काय सांगू. पहिल्या वेळी माझी नजर नव्वद मिनिटं पडद्याच्या तळाच्या दोन इंचांत होती. हातिजेच्या घरात वीज नाही, आतलं चित्रण खिडकीतून येणाऱ्या आणि दिव्याच्या उजेडात केलेलं आहे. म्हातारी पलंगावर, आणि चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली. हे मी पाहिलंच नव्हतं, कारण त्याच वेळी खाली पांढरी अक्षरं चमकत होती आणि अंधारात डोळा तिकडेच जातो. शेजारी राहायला आलेल्या कुटुंबाचा गोंगाट कसा वाढत जातो, तो शब्दांशिवाय जास्त बोचतो. मधेच आई म्हणाली, "हिला ती माणसं आवडत नाहीत, पण पोरं आवडतात." ते सबटायटलमध्ये नव्हतं. पण खरं होतं.

तेव्हापासून नियम केला. आवडलेला चित्रपट दुसऱ्यांदा पाहायचा तो सबटायटल्स बंद करून. पहिल्या लेखात मी लिहिलं होतं की सबटायटल्स धड नसतील तर अशा सेवेला अर्थच नाही. ते वाक्य मागे घेते. अर्धं.

अर्धंच का, तर 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेंचा, एका शाहिरावरच्या खटल्याचा, 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळालेला. यात माझी परीक्षा उलटी झाली, कारण बहुतेक बोलणं मला थेट कळतं आणि खालच्या ओळी काय काय गिळतात ते दिसतं. साधारण शिस्त अशी असते की एका वेळी दोनच ओळी, ओळीला फार तर 42 च्या आसपास अक्षरं, आणि ओळ सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही. मग शाहिराच्या गाण्याचं काय होणार? यमक गेलं, ठेका गेला, उरला तो मजकूर, सरकारी निवेदनासारखा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा आहेत. कोण कुठे कुठली बोलतो यावरच अर्धा खटला उभा आहे, आणि खाली सगळ्या एकाच पांढऱ्या रंगात. परक्या प्रेक्षकाला कळणारही नाही की आत्ता भाषा बदलली. आणि हे कळल्यावर मला रोमानियन, फारसी, फोन या सगळ्या भाषांची धास्ती वाटायला लागली. आपण काय काय न पाहता "छान होता" म्हणून उठलोय!

फोनवरून आठवलं. फोन म्हणजे आपला फोन नव्हे, बेनिनमधली भाषा. माती दिओपचा 'दाहोमे', 2024 च्या बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, मिळालेला. फ्रान्सने 2021 मध्ये 26 लुटलेल्या राजवस्तू परत केल्या, त्या प्रवासाचा माहितीपट. त्यात एक पुतळा स्वतः बोलतो, क्रमांक 26. पडदा ठार काळा, खोल घुमणारा आवाज, आणि त्या काळोखात दिसतात फक्त सबटायटल्स. तिथे ती बंद करायची माझी छाती झाली नाही. तिथे तेच चित्र आहे.

'फ्लो' मात्र बिनधास्त बंद करून पाहा. लाटव्हियाचा, 2025 चा अ‍ॅनिमेशनचा ऑस्कर, अख्खा ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला (माझ्या चिकटपणाला याने फार बरं वाटलं). एकही संवाद नाही. तरी यांच्या सेवेत सबटायटल्सचं बटण आहे आणि ते आपोआप चालू होतं! "मांजर ओरडते." "मांजर पुन्हा ओरडते." आई हसून हसून खोकायला लागली. त्यातल्या कॅपिबाराला आवाज उंटाच्या पिल्लाचा दिलाय, खऱ्या कॅपिबाराचा फार चिरका निघाला म्हणून. हे कळल्यापासून ती तोच भाग पुन्हा लावायला सांगते.

बाकीचं भराभर. शोध भिकार आहे, दिग्दर्शकाच्या नावातलं एक अक्षर चुकलं की काही सापडत नाही. रिमोटवर सबटायटल्स बंद करायला पाच वेळा दाबावं लागतं. पांढऱ्या अक्षरांना काळी कड नाही, त्यामुळे बर्फाचा प्रसंग असला की अंदाजाने वाचायचं. एक गोष्ट मात्र अप्रतिम: श्रेयनामावली कापत नाहीत. चौकट लहान करून "पुढे काय पाहाल" म्हणून मागे लागत नाहीत. त्यामुळेच 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' संपल्यावर आम्ही दोघी बसून राहिलो. इंडोनेशियातल्या 1965-66 च्या कत्तलींवरचा माहितीपट, आणि शेवटी नावांच्या जागी ओळीमागून ओळ "अनामिक", "अनामिक", "अनामिक". तिथलेच काम करणारे लोक, नाव लावणं जिवावर बेतलं असतं म्हणून. मी मराठीत सांगायला सुरुवात केली तर आई म्हणाली, "कळलं मला." दुसऱ्या एखाद्या सेवेत तोवर पुढचा चित्रपट सुरू झाला असता.

वर्ष संपायला तीन महिने उरलेत. पुन्हा भरणार का, असं भाऊ विचारतो. कालपर्यंत हो म्हणत होते. काल रात्री एक नवा आलेला इराणी चित्रपट लावला. दहाव्या मिनिटाला दारावर थाप पडायच्या आत खाली "कोण आहे?" आलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी स्टॉपवॉच काढलं.