ओसाकातले ‘टॅक्स फ्री’ दुकान आणि अडतीस हजार येनचे कडे

चौतीस वर्षे बँकेत नोकरी करताना मी असंख्य ग्राहकांना फसवणुकीपासून सावध राहण्याचे धडे दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र जपानमधील ओसाका शहरात, लख्ख उजेडाच्या एका दुकानात, रीतसर पावती घेऊन आणि कमरेत वाकून केलेला नमस्कार स्वीकारून मी स्वतःच फसलो. माझा खिसा कोणी कापला नाही की माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, आणि म्हणूनच हा प्रकार सांगताना मला थोडी लाज वाटते. तरीही पुण्या-मुंबईहून जपानला जाणाऱ्या गटसहलींची संख्या आता बरीच वाढली असल्यामुळे हा अनुभव तपशिलासह लिहून ठेवत आहे.

आमची सहल टोकियो, हाकोने, क्योतो करत शेवटी ओसाकाला पोहोचली. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसासमोर ओसाका किल्ला, दोतोनबोरी आणि शिनसाइबाशी अशी नावे होती आणि त्यांच्या शेपटाला बारीक अक्षरांत ‘टॅक्स फ्री शॉपला भेट’ असे चार शब्द जोडलेले होते. पुण्यात असताना मी ते वाचले होते, पण विमानतळावरच्या दुकानासारखे काहीतरी असेल, असे समजून पान उलटले होते. प्रत्यक्षात शिनसाइबाशीच्या सुमारे सहाशे मीटर लांबीच्या छताखालच्या बाजारपेठेसाठी आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली आणि या ‘भेटी’साठी सव्वा तास राखून ठेवलेला होता. हा हिशेब मी त्याच वेळी मांडायला हवा होता.

बस एका इमारतीसमोर थांबली आणि स्थानिक मार्गदर्शकाने आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेले. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला तिथे दुकान आहे हे कळावे अशी कोणतीही खूण नव्हती आणि आत एकही जपानी गिऱ्हाईक दिसत नव्हते. चहा फुकट होता. स्वच्छतागृह दुकानाच्या अगदी आतल्या टोकाला होते, त्यामुळे बसमधून उतरलेल्या ज्येष्ठ मंडळींना काचेची सगळी कपाटे ओलांडूनच तिथवर जावे लागत होते. एका खोलीत वर्गासारख्या खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे बसल्यावर हिंदी उत्तम बोलणाऱ्या एका तरुणाने ‘आंटीजी, कंधा दुखता है ना?’ असे विचारून माझ्या पत्नीला पुढे बोलावले.

त्यानंतर जे घडले ते मी तीन हातांवरून पाहिले. त्याने पत्नीला पाय जुळवून उभे राहायला आणि उजवा हात बाजूला आडवा धरायला सांगितले, मग तिच्या मनगटाजवळ दोन बोटांनी दाब दिला आणि ती लगेच झुकून पडायला आली. खोलीत हसू पसरले. मग त्याने तिच्या हातात जर्मेनियम या मूलद्रव्याचे काळसर कडे चढवले, खोल श्वास घ्यायला लावले आणि पुन्हा दाब दिला. या वेळी ती जागची हलली नाही. ‘अहो, खरंच काहीतरी जाणवलं,’ असे ती मला म्हणाली, आणि पस्तीस माणसांच्या देखत मनगटावर चढलेले कडे उतरवून ठेवायला सांगणे मला जमले नाही.

यातली मेख मला पुण्यात परतल्यावर समजली. पहिल्या वेळी दाब शरीरापासून किंचित बाहेरच्या दिशेने द्यायचा म्हणजे तोल जातो, आणि दुसऱ्या वेळी किंचित शरीराच्या दिशेने द्यायचा म्हणजे माणूस खांबासारखा उभा राहतो. मी घरी पत्नीच्या हातात स्टीलची वाटी देऊन हाच प्रयोग केला आणि वाटीनेही तितकाच गुण दाखवला. याच युक्तीवर जगभर मनगटपट्ट्या विकणाऱ्या एका कंपनीला २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर कबूल करावे लागले होते. जर्मेनियमच्या कड्यांबद्दल तर जपानच्याच राष्ट्रीय ग्राहक व्यवहार केंद्राने २००९ मध्ये तपासणी करून, ती आरोग्याला उपयोगी असल्याचा शास्त्रीय पुरावा आढळला नाही, असे प्रसिद्ध केले होते. म्हणजे ज्या देशात मी ते ‘जपानी तंत्रज्ञान’ म्हणून विकत घेतले, त्या देशाने पंधरा वर्षांपूर्वीच त्याबद्दल सावध केले होते.

किमतीचा प्रकार याहून बोलका होता. कपाटातल्या एकाही वस्तूवर चिठ्ठी नव्हती आणि विचारल्यावर आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवला जात होता. जपानमध्ये एप्रिल २०२१ पासून ग्राहकांना दाखवायची किंमत करासह दाखवणे दुकानदारांवर बंधनकारक आहे, आणि फळांच्या गाडीपासून घड्याळांच्या दालनापर्यंत सगळीकडे ठळक आकडे लिहिलेले आम्ही आठवडाभर पाहत आलो होतो. इथे मात्र ५९,८०० येनचा आकडा पाच मिनिटांत ३८,००० वर आला. जपानमधल्या नेहमीच्या दुकानांत घासाघीस चालत नाही, त्यामुळे एवढी घसरण पाहून मी चमकायला हवे होते. पण तुळशीबागेत भाव करत वाढलेल्या पुणेकराला उलट आपण जिंकल्याचा आनंद झाला.

पैसे देतानाही एक ठेच लागली, आणि ती बँकवाल्याला लागावी हे विशेष. कार्डाच्या यंत्रावर येन आणि रुपये असे दोन पर्याय येतात. विक्रेत्याने यंत्र माझ्या हातात न देता स्वतःच रुपयांचे बटण दाबले आणि ‘आपके लिए आसान’ असे म्हणून पावती पुढे केली. त्या दिवसांत एक येन साधारण पंचावन्न पैशांना पडत होता, म्हणजे ३८,००० येनचे २०,९०० रुपये होत होते, पण पावतीवर २२,१५४ रुपये होते. रुपयांत व्यवहार केला की विनिमयाचा दर आपल्या बँकेऐवजी दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते, आणि माझ्या कार्डाच्या दोन टक्के शुल्काच्या जागी तिथे सहा टक्के कापले गेले. परदेशात नेहमी स्थानिक चलनच निवडावे, असे मी इतरांना किती वेळा सांगितले असेल, याची मोजदाद नाही.

आमच्या गटातल्या इतरांचीही थोड्याफार फरकाने हीच गत झाली. एका काकूंनी गुडघ्यांसाठी स्क्वालीन नावाच्या तेलाच्या गोळ्यांचे सहा डबे घेतले. त्या कडक शाकाहारी असून ते तेल खोल समुद्रातल्या शार्क माशाच्या यकृतातले आहे, हे त्यांना हॉटेलात डब्यावरचे चित्र निरखताना कळले. एका कुटुंबाने भाताचा कुकर घेतला आणि ‘भारतात चालेल’ म्हणून त्यांना सोबत दोन पिनांचे तीन पिनांत रूपांतर करणारा साधा प्लग देण्यात आला. जपानमधला वीजपुरवठा १०० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा असल्यामुळे तो कुकर पिंपरीतल्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी जळाला. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत परदेशी ग्राहकांसाठी २२० ते २४० व्होल्टची मॉडेल्स वेगळ्या विभागात ठेवलेली असतात, पण ती तिथे मागून घ्यावी लागतात.

त्याच संध्याकाळी हॉटेलजवळच्या एका साध्या दुकानात मला दिसायला तसेच, जर्मेनियमचे म्हणूनच विकले जाणारे कडे करासह ४,३७८ येनला टांगलेले दिसले. दहा टक्के विक्रीकर वाचवण्यासाठी मी आठपटीहून जास्त किंमत मोजली होती. ‘टॅक्स फ्री’ ही पाटी काही खास दुकानांची मिरासदारी नाही, हेही तेव्हा लक्षात आले. ओसाकातली मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, औषधांची दुकाने आणि कॅमेऱ्यांची दालने यांपैकी बहुतेक ठिकाणी एका दिवसात पाच हजार येनच्या वर खरेदी करून मूळ पासपोर्ट दाखवला की ही सवलत मिळते. नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलणार असून तेव्हा दुकानात करासह पैसे भरायचे आणि देश सोडताना वस्तूंची खातरजमा झाल्यावर कर परत मिळवायचा आहे. त्यामुळे ‘इथेच कर वाचेल’ असे त्यानंतर कोणी सांगितले, तर ते सरळ खोटे समजावे.

कडे परत करण्याचा प्रयत्न मी दुसऱ्या दिवशी सकाळी केला. दुकानाने नम्रपणे नकार दिला आणि कायदाही त्यांच्या बाजूने होता, कारण जपानमधली ठरावीक मुदतीत करार रद्द करण्याची सोय घरोघरी किंवा फोनवरून केलेल्या विक्रीसाठी आहे, आपल्या पायांनी दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला ती लागू होत नाही. परदेशी पर्यटकांसाठी तिथे ग्राहक तक्रारींची वेगळी दूरध्वनी सेवा आहे, हे मला परतल्यावर समजले. जपानमध्ये असतानाच त्यांच्याशी बोललो असतो तर कदाचित काही निष्पन्न झाले असते. सहल कंपनीने ‘खरेदी ऐच्छिक होती’ एवढे एका ओळीचे उत्तर पाठवले.

ती खरोखर ऐच्छिक होती. पण बस तिथे का थांबली, हा प्रश्न उरतोच. सहल कंपन्या परदेशातली बस, हॉटेले आणि मार्गदर्शक तिथल्या मध्यस्थाकडून घेतात. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी सहलीचा दर खाली ओढला की मध्यस्थाचा तोटा दुकानाकडून मिळणाऱ्या दलालीतून भरून निघतो, आणि ती दलाली शेवटी आपल्याच कड्याच्या किमतीत मिसळलेली असते. चढ्या भावाच्या दुकानांत पर्यटकांना नेण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की जपान सरकारने जानेवारी २०१८ पासून अशा मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली. तरीही आमची बस थांबलीच.

खुद्द ओसाकाचे लोक आपण वस्तू किती महागात घेतली याऐवजी किती स्वस्तात घेतली याची बढाई मारतात, असे जपानमध्ये गमतीने म्हटले जाते, आणि शेवटच्या अर्ध्या दिवसात आम्ही त्यांच्या मागोमाग हिंडलो. तेंजिनबाशिसुजी ही छताखालची बाजारपेठ २.६ किलोमीटर लांब आहे. भुयारी रेल्वेने मिनामिमोरिमाची स्थानकावर उतरून उत्तरेकडे चालत गेले की चहाची पाने, सुती टॉवेल, कपबश्या, चपला असे सगळे काही किमतीच्या चिठ्ठीसह मिळते. नाम्बाजवळच्या दोगुयासुजीत हॉटेलवाल्यांसाठीची भांडीकुंडी विकली जातात. तिथे मी साकाई शहराच्या परंपरेतली भाजीची सुरी घेतली. दुकानदाराने पाते कोणत्या पोलादाचे आहे, ते गंजू नये म्हणून कसे पुसायचे, हे खाणाखुणांनी सांगितले आणि ती चेक-इनच्या सामानातच ठेवा, असे दोनदा बजावले. कुरोमोन बाजार मात्र पाहण्यापुरताच ठेवावा, कारण तिथे पर्यटकांची गर्दी वाढत गेली तसे खाण्याचे भावही चढले आहेत.

पत्नीचा खांदा पुढे फिजिओथेरपीने दीड महिन्यात मोकळा झाला. आमच्या सोसायटीतले एक जोडपे येत्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका कंपनीबरोबर जपानला निघाले आहे. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेतही ओसाकाच्या दिवसासमोर तेच चार शब्द आहेत. मी त्यांखाली लाल रेघ मारून दिली, आणि तो सव्वा तास आम्ही शहरात स्वतंत्र फिरलो तर चालेल का, असे त्यांनी कंपनीला लेखी विचारले आहे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही.