दाखल क्रमांक, ढोबळ गट की ड्यूई? छोट्या वाचनालयाची कपाटे लावताना

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीतले हजारभर पुस्तकांचे वाचनालय आणि निफाडकडच्या गावातले पाच हजारांचे, दोघांना एकच पद्धत लावू नये.

सर्वांत कमी कष्टाचा मार्ग दाखल क्रमांकाचा. पुस्तक आले त्या क्रमाने नोंदवहीत पडलेला आकडा त्याच्या पाठीवर चिकटवायचा, पुस्तक शेवटच्या फळीवर ठेवायचे. जुनी पुस्तके कधीच सरकवावी लागत नाहीत. देवघेव खिडकीवरून होत असेल तर हे छान चालते. वाचक स्वतः कपाटापाशी जाणार असतील तर मात्र नको: ४१२ला कादंबरी, ४१३ला मधुमेह, ४१४ला बालगीते.

संग्रह दोन हजारांच्या आत आणि बहुतेक ललित असेल तर ढोबळ गट करावेत, आत आडनावाने लावावे. पाठीवर ‘कादं / जोशी’ एवढे पुरते. घोळ होतो तो अनुस्वारात. बाराखडीत ‘कं’ येतो ‘कौ’नंतर, संगणकाच्या यादीत बहुधा ‘का’च्याही आधी. मग यादी एक सांगते आणि कपाट दुसरेच. कोणताही एक नियम धरा, पण तो कपाटाच्या दारावर लिहून लावा. टोपणनावाचेही तसेच: मुखपृष्ठावर छापलेले नावच धरा.

माहितीपर पुस्तके वाढली की ‘इतर’ गट फुगतो. तिथे ड्यूईची दशांश पद्धत (१८७६), म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला दशांश आकडा, हवीच. मराठी कविता ८९१.४६१, कथा-कादंबरी ८९१.४६३. तिची खोच अशी की ती वस्तू नव्हे, विद्याशाखा पाहते: द्राक्षबाग ६३४.८मध्ये, वाइननिर्मिती ६६३.२मध्ये. नाशिकच्या वाचकाला दोन्ही हवे असते, म्हणून द्राक्षांच्या फळीवर ‘वाइन: ६६३.२ पाहा’ अशी चिठ्ठी लावा.

पुस्तके हरवतात ती टिंबापाशी. कांद्याचे ६३५.२५ हे पालेभाज्यांच्या ६३५.३च्या आधी येते. पंचवीस तीनपेक्षा मोठे म्हणून नंतर ठेवले, की पुस्तक असूनही सापडत नाही. मदतनिसाला टिंबानंतर एकेक अंक वाचायला शिकवा: दोन आधी, तीन नंतर.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) बारीक विषयांना ड्यूईपेक्षा नेमके बसते, पण अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून होणारा बोधांक (पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक) लावायला प्रशिक्षित ग्रंथपाल लागतो. छोट्या वाचनालयाने त्या वाटेला जाऊ नये.

लेबल तळापासून अडीच सेंमीवर, वरून पारदर्शक पट्टी. लेबल गळतेच, म्हणून तोच क्रमांक शीर्षकपानामागे पेन्सिलीने लिहा. ढोबळ गट असोत वा ड्यूई, फळीचा चौथा हिस्सा रिकामा सोडा, नाहीतर एका नव्या पुस्तकासाठी अख्खे कपाट सरकवावे लागेल.