‘सिंग इट! हायस्कूल म्युझिकल ३’: दिवाळीपासून आजवरचा अनुभव

डिस्नेचा हा कराओके गेम २००९ साली बाजारात आला. आमच्याकडे तो मागच्या दिवाळीत आला, जुन्या निन्टेंडो वी कन्सोलबरोबर, सेकंडहँड. न्यू जर्सीतल्या थंडीत बाहेर पडवत नाही, त्यामुळे हिवाळ्यातले बहुतेक शनिवार-रविवार आम्ही सगळे टीव्हीसमोर गात बसलो.

गाणी डिस्नेच्या ‘हायस्कूल म्युझिकल’ या संगीतमय मालिकेच्या तिन्ही सिनेमांतली आहेत आणि मागे सिनेमातलीच दृश्यं चालतात. २००७ मध्ये यातल्या पहिल्या दोन सिनेमांवर आलेला आधीचा गेम मैत्रिणीकडे खेळलो होतो, त्यात अ‍ॅनिमेशनमधली पात्रं नाचतात. मुलांना ट्रॉय आणि गॅब्रिएला, म्हणजे सिनेमातले नायक-नायिका, खरेखुरेच बघायचे असतात, म्हणून मला हा जास्त आवडला.

पडद्यावर शब्दांबरोबर आडव्या रेघा सरकत येतात. स्वर चढा असेल तर रेघ वर, स्वर लांबवायचा असेल तर रेघ लांब. सूर बरोबर लागला की ती भरत जाते. माझी मुलगी आधी ओळीतला शेवटचा स्वर निम्म्यावर सोडून द्यायची, कितीही सांगितलं तरी. आता ओळ सुरू व्हायच्या आधी नीट श्वास घेते आणि रेघ भरेपर्यंत दम टिकवते. ‘ब्रेकिंग फ्री’मध्ये जिथे दोघांचे आवाज एकत्र चढतात, तिथे तिचा आवाज पूर्वी फाटायचा. आता क्वचितच फाटतो. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा गेम पुन्हा घेईन.

सप्तक कुठलंही चालतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याचा आवाज खर्जातला. तो ट्रॉयच्या ओळी सरळ एक सप्तक खाली म्हणतो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. पहिल्या सिनेमात ट्रॉयचा गाता आवाज ते काम करणाऱ्या झॅक एफ्रॉनचा बराचसा नाहीच, तो ड्रू सीली या गायकाचा आहे, कारण गाणी एफ्रॉनच्या पट्टीपेक्षा चढी होती. दुसऱ्या सिनेमापासून एफ्रॉन स्वतः गायला. आपली पट्टी वेगळी असली म्हणून गाणं सोडायचं नसतं, हे मुलांना पटवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

आई सांगलीहून आली होती तेव्हा तिलाही माइक दिला. तिचं शास्त्रीय संगीताचं शिक्षण झालेलं आहे, पण इंग्रजी शब्द इतक्या झरझर वाचता येईनात. मग ‘कॅन आय हॅव धिस डान्स’ तिने अख्खं आकारात, म्हणजे शब्दांऐवजी नुसत्या ‘आ’वर, म्हटलं. ते वॉल्ट्झच्या चालीतलं, तीन-तीन मात्रांचं. पडद्यावर शाळेच्या गच्चीत पावसात दोघं नाचत होती आणि आई मांडीवर दादऱ्याचा ठेका धरून गात होती. गुण नातीपेक्षा जास्त! गेम फक्त सूर पाहतो, शब्द पाहत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुढच्या वेळी मात्र तिने एका जागी सुरेख मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत गेली, आणि नेमकी तिथली रेघ रिकामी राहिली. मला वाईट वाटलं. गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा या यंत्राला चूक वाटते. त्यामुळे मुलं गाणं शिकत असतील तर गुरूंऐवजी हा गेम अजिबात नको, रियाझ झाल्यावर मौज म्हणून खेळा.

‘गेट्चा हेड इन द गेम’मध्येही गुणांवर विसंबू नका. बास्केटबॉल आपटण्याच्या आवाजावरच त्या गाण्याचा ठेका उभा आहे आणि शब्द अर्धे बोलल्यासारखे येतात. तिथे सूर मोजून काय हाती लागणार? मजा मात्र भरपूर येते.

साउंडबार लावला की आवाज किंचित उशिरा येतो आणि चांगलं गाणाऱ्यालाही कमी गुण पडतात. आम्ही टीव्हीचाच स्पीकर ठेवला आणि टीव्हीवर गेम मोड चालू केला, मग फरक पडला. विकणाऱ्याने दिलेल्या दोन माइकपैकी एक मुका निघाला. दुसऱ्या एका गाण्याच्या गेमचा यूएसबी माइक घरात होता, तो लावल्यावर चालला. म्हणून जुना सेट घेताना दोन्ही माइक समोर लावून बघा, दोघांनी मिळून गाण्यातच यातला खरा आनंद आहे. आणि भारतात भाचरांना पाठवणार असाल तर वीची अमेरिकन डिस्क तिकडच्या कन्सोलवर चालणार नाही. प्लेस्टेशन ३ असेल तर त्याची डिस्क घ्या, तिला प्रदेशाचं बंधन नाही.