जुने सामने बघण्यासाठी घेतलेली टेनिसची वर्गणी: साडेतीन तारे

युक्रेनची टेनिसपटू मार्ता कोस्त्युक हिच्यासाठीच ही वर्गणी भरली. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये १५ वर्षांची ही कीव्हची पोर पात्रता फेरीतून थेट तिसऱ्या फेरीत धडकली आणि तिथे आपल्याच देशाच्या स्वितोलिनाकडून ६-२, ६-२ अशी हरली. तेव्हापासून मी तिच्या मागे आहे.

चित्र झकास. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधली अमेरिकेच्या गॉफविरुद्धची तिची उपांत्यपूर्व लढत पुन्हा लावली, तर घसरत जाऊन मारलेल्या बॅकहँडच्या वेळी बुटांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. पहिल्या सेटमध्ये ५-१ ने पुढे असून तिने तो घालवला, ते बघताना आजही जीव वरखाली होतो. (बायको म्हणते, निकाल माहीत असताना कसली धाकधूक!)

पण टायब्रेकला (सेट ६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम), सेट जिंकायला एकच गुण हवा असताना, पडद्यावर लोडिंगचं चक्र गरगर फिरत बसलं. शिवाय सामन्याच्या चित्राखालीच अंतिम गुणसंख्या छापलेली. अरे, मग बघायचं काय? तक्रारीला साचेबंद उत्तर आलं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला मिळालेलं तिचं पहिलं विजेतेपद मात्र एकदाही न अडकता बघितलं. पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत.