सीजे-३बी : मूळ हरिकेन ठेवावं की डिझेल बसवावं?

जुनी सीजे-३बी जीप हातात आली की हा प्रश्न फार दिवस टळत नाही. माझ्या जीपमध्ये आधी मूळ हरिकेन, म्हणजे कंपनीचंच चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, मग सहा वर्षं एका मालवाहू गाडीतून काढलेलं, टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं डिझेल होतं, आणि आता पुन्हा हरिकेन आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपत नाही. पण डिझेलवाल्यांचं म्हणणं चूक आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

डिझेलची पहिली बाजू म्हणजे पाणी. हरिकेनचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा भाग, ब्लॉकच्या कडेला बसतो. ओढ्यात जरा जोरात शिरलात की तो भिजतो आणि गाडी मधोमध उभी राहते. यांत्रिक पंपाच्या डिझेलला ना कॉइल, ना स्पार्क प्लग. हवेच्या नळीत पाणी गेलं नाही तर ते आपलं चालत राहतं. इंधनातही फरक पडतो, तो मला टाकी भरताना दरवेळी जाणवायचा. लो गिअरमध्ये दगडांवरून चढताना पाय जवळजवळ उचलूनच ठेवता यायचा.

सपाट रस्त्यावर मात्र गोष्ट बदलते. या जीपच्या अॅक्सलचं गुणोत्तर ५.३८, म्हणजे भलतंच आखूड (थोड्या वेगालाही इंजिन खूप फिरतं), आणि गिअर तीनच. हरिकेन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जातं. माझं डिझेल त्याच्या बरंच आधी दमायचं, आणि मागचे लोक हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे. अॅक्सलचं गुणोत्तर बदलून यावर उपाय होतो, पण तो खर्च इंजिनाच्या हिशोबात कुणी आधी धरत नाही. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याही डिझेलच्या वजनाने दबल्या. आणि वायपर! मूळ वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर चालतो. डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसल्यामुळे ती ओढ मिळतच नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप लावा, नाहीतर विजेचा वायपर.

हे सगळं मी सोसलं असतं. मला हरवलं ते ऑइल फिल्टरने.

नवीन इंजिन चासीत बसवताना सगळं लक्ष गिअरबॉक्सला जोडणाऱ्या अॅडॉप्टर प्लेटवर, रेडिएटरवर आणि ऑइलचं खालचं चेंबर पुढच्या अॅक्सलला लागत नाही ना, याच्यावर होतं. लागत नव्हतं. इंजिन छान बसलं, त्याच दिवशी सुरूही झालं. पहिल्यांदा ऑइल बदलायला खाली शिरलो तेव्हा कळलं की फिल्टर सैल होतो, पण बाहेर निघत नाही. तो आणि चासीची पट्टी यांत बोटभर जागा कमी. मग एका बाजूचं माउंटिंग सोडायचं, लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन उचलायचं, फिल्टर काढायचा आणि सांडलेलं ऑइल पुसून सगळं परत जागेवर आणायचं. तासाभराचं काम अर्ध्या दिवसाचं झालं. ते काम मी पुढे ढकलायला लागलो. माझ्या मते इंजिनाला यापेक्षा वाईट काही नसतं. हरिकेनचा फिल्टर वरून हात घालून बदलता येतो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी मागे फिरलो.

हरिकेनलाही खोडी आहेत. उन्हात हळू चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होऊन इंजिन अडतं, कारण इंधनाचा पंप एक्झॉस्टच्याच बाजूला आहे. मी पाइप तिथून लांब वळवून घेतला आणि मध्ये पत्रा लावला. माझा त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती, पण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २००० फेऱ्यांच्या आसपासच मिळतो. हे लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९ मिलिमीटर तर स्ट्रोक (पिस्टनची चाल) १११. घाई केली नाही तर ते थांबत नाही. शिवाय या जीपचं ते उंच बॉनेट त्याच्यासाठीच घडलं. हरिकेनचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून १९५३ मध्ये बॉनेट वर उचलावं लागलं. मला हे उगाच महत्त्वाचं वाटत असेल, पण वाटतं.

तुमच्या ब्लॉकला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरपर्यंत तडा गेला असेल, किंवा रोज पाण्यातून जायचं असेल, तर डिझेल बसवा, मी अडवणार नाही. मात्र चासीवरचे मूळ ब्रॅकेट कापू नका. हरिकेन, त्याचं फ्लायव्हील आणि बेलहाउसिंग (क्लचवरचं आवरण) एकत्र बांधून कोरड्या जागी ठेवा. माझं तसं ठेवलेलं होतं म्हणूनच परत बसवता आलं. आणि नवीन माउंटिंगला वेल्डिंग करण्याआधी इंजिन नुसतं जागेवर टेकवून ऑइल फिल्टर स्वतःच्या हाताने एकदा पूर्ण बाहेर काढून बघा.