बेडरूमचे बोर्ड तपासायचा सॉकेट टेस्टर : स्वस्तातला आहे, पण घ्याच

तीन बारक्या लाईटी, खाली आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) पाडायचं एक बटण आणि आपली सहा अँपियरची तीन पिनची टॉप, बस एवढंच आहे हे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत पाचशेच्या आत मिळाला. कंपनी काय लई नावाजलेली न्हाई, प्लॅस्टिकपण हलकंच आहे, पण ज्या कामाला आणला ते काम चोख केलं म्हणून लिहितोय. ऑनलाईन मागवणार असाल तर फोटोत पिना नीट बघून घ्या, बरेचसे परदेशी पिनांचे असतात ते आपल्या बोर्डात बसत न्हाईत.

आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीकडं, 2019 लापण पाणी आलं आणि 2021 लापण, त्यामुळं खालच्या बेडरूमच्या भिंती अजून पावसाळ्यात ओल धरतात आणि वायरिंग त्याच भिंतीतनं गेलंय. पुरानंतर वायरमननं डीबीत, म्हणजे घरच्या ब्रेकरच्या डब्यात, आरसीसीबी बसवून दिला, त्याचं टी (टेस्ट) बटण दाबलं की खाडकन पडतोय, सगळे म्हणाले आता बिनघोर झोपा. गोम इथंच आहे बघा. टी बटण आरसीसीबीच्या आतल्या आतच थोडा करंट फिरवून फेज-न्यूट्रलमध्ये फरक पाडतं, तुमच्या अर्थिंगचा त्यात काही संबंधच येत न्हाई, अर्थची वायर भिंतीत तुटलेली असू दे नायतर मुळात ओढलेलीच नसू दे, तो पडणार म्हणजे पडणारच. म्हणजे आरसीसीबी चालू आहे एवढं कळलं, बेडरूमच्या बोर्डापर्यंत अर्थ पोचलाय का ते कुठं कळलं?

टेस्टरचं बटण मात्र त्या बोर्डातल्या फेजमधनं अर्थच्या पिनेत साधारण 30 मिलिअँपियर सोडतं. हॉलच्या बोर्डात दाबलं तर घरातली लाईट गेली, आतनं आईचा आवाज, "काय करालैस रं, भाकरी टाकाय लागलीया मी!" मग बेडरूममध्ये पलंगाशेजारचा बोर्ड, जिथं मोबाईल, मच्छरची मशीन, टेबलफॅन सगळं लागतंय तिथं घातला. लाईटी एकदम बरोबर लागल्या, टेस्टरवरच्या तक्त्याप्रमाणं सगळं ओके. बटण दाबलं, काहीच न्हाई. परत दाबलं, ढिम्म.

मेन पाडून बोर्ड उघडला तर अर्थच्या टर्मिनलवरनं न्यूट्रलला बोटभर वायरचा जंप मारलेला, आणि अर्थची वायर नावालासुद्धा न्हाई! जुन्या घरांत हा उद्योग लई ठिकाणी सापडतो. यात होतं काय, तर लीक झालेला करंट अर्थला न जाता न्यूट्रलमधनंच परत जातो, आरसीसीबीला गेलेला आणि आलेला करंट सारखाच दिसतो, मग तो पडेल कशाला? आणि न्यूट्रल मागं कुठं तुटला तर पंख्याच्या पत्र्याच्या बॉडीवर सरळ 230 व्होल्ट. नुसत्या लाईटी बघून हे कळत न्हाई, बटण होतं म्हणून कळलं, त्यामुळं बटण नसलेला टेस्टर शंभर रुपयांनी स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

टेस्टर लावायच्या आधी डीबीत काय काय आहे तेपण वाचून घ्या, कारण लोक सगळ्यालाच एमसीबी म्हणतात. सी16 असं अक्षर आणि आकडा असेल तर एमसीबी, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी, माणसाला करंट लागला तर त्याला पत्ताबी न्हाई. टी बटण आणि 0.03 अँपियर किंवा 30 मिलिअँपियर लिहिलेलं असेल तर आरसीसीबी, पण हा ओव्हरलोडला पडत न्हाई. दोन्ही लिहिलेलं असेल तर आरसीबीओ, म्हणजे दोन्ही कामं एकातच. आणि नुसतं 40 अँपियर, अक्षर न्हाई की टी बटण न्हाई, तर तो बहुतेक आयसोलेटर, म्हणजे फक्त चालू-बंद करायचं बटण, तो स्वतःहून कधीच पडणार न्हाई. आरसीसीबीवर 100 किंवा 300 मिलिअँपियर असेल तर तो आगीपासनं वाचवायला, माणसाला वाचवायला 30 चाच पाहिजे.

एमसीबी तपासायला मात्र हा टेस्टर काही कामाचा न्हाई. तिथं वायरची जाडी बघायची, दीड एमएमला 10 चा आणि अडीचला 16 चा ठीक. सारखा पडतोय म्हणून कुणी 32 चा टाकून दिला असेल तर आधी वायर भाजणार. नियमाप्रमाणं 16 चा एमसीबीसुद्धा 18 अँपियरला तासभर न पडता राहू शकतो, मग 32 च्याचा हिशेब तुम्हीच करा.

अमेरिकेत बेडरूमच्या सॉकेटना 2002 पासनं ठिणगी ओळखणारे वेगळेच ब्रेकर सक्तीचे केलेत, ढिलं कनेक्शन, कुरतडलेली वायर असल्या गोष्टींसाठी. इथं दुकानात मागितलं तर पोरगं म्हणतंय "आरसीसीबीच घ्या की, तेच असतंय". तेच नसतंय ओ, आरसीसीबीला फेजमधल्या ढिल्या स्क्रूची ठिणगी दिसतच न्हाई. त्यामुळं बोर्ड उघडलाच आहे तर वायरमनकडनं स्क्रूपण आवळून घ्या.

कमी काय आहे म्हणाल तर आरसीसीबी किती वेळात पडला ते हा सांगत न्हाई, त्याला महागडं मीटर लागतं. अर्थ-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तरी लाईटी बरोबरच दाखवतो. बटण धरून बसू नका, आत रेझिस्टन्स तापतो, क्षणभर दाबून सोडायचं. कॉम्प्युटर, टीव्ही आधी बंद करा, घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा सप्लाय चालू असताना टेस्ट करू नका, आणि बोर्ड खोलायचं काम लायसनवाल्या वायरमनलाच सांगा. आमच्याकडं आता नवी अर्थ वायर ओढायचं चाललंय, ओली भिंत सोडून वरनं केसिंग मारून, दिसायला जरा बेंगरूळ दिसतंय पण चालतंय.